उजव्या हाताचा घास

झमकीबाई पाठ करून जेवायला लागली, तेव्हा बाबूसिंगला आधी वाटलं की बाई रुसली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या अंगावर एखादा गुन्हा कायम शिल्लक असतोच, त्यामुळे तो दोन-चार दिवस गुमान राहिला. मग एका संध्याकाळी पाण्याच्या निमित्तानं उठला, चुलीला वळसा घालून तिच्या समोर गेला आणि जागच्या जागी थबकला. झमकीबाई डाव्या हातानं जेवत होती. त्याला पाहताच तिनं घास ताटात टाकला आणि हात ओढणीखाली लपवला. साठी उलटलेली बाई, पण चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला होता.

उजवा हात मांडीवर पडला होता, अर्धवट वाकलेला. काही उचलायला निघाला आणि मध्येच विसरला, असा. बोटं धड होती, पंजा धड होता. त्या हातानं भाकर मोडता येत होती, कालवणात बुडवता येत होती. पण तोंडाकडे निघालेला घास छातीपाशी येऊन थांबायचा. पुढे वाटच नव्हती.

"कवापासून?" बाबूसिंगनं विचारलं.

"पट्टी सोडली तवापासून," ती म्हणाली, आणि खरं तेवढंच सांगून थांबली.

हात मोडला तो कापूस वेचायला जाताना. मजूर बायकांना नेणाऱ्या टेम्पोतून उतरताना पाय घसरला, आणि पडता पडता तिनं हात टेकला. माणूस पडताना हात पुढे करतो, त्यात अक्कल चालत नाही. सोबतच्या बायकांनी तिला पुसदला दवाखान्यात नेलं. बाबूसिंग तेव्हा घरी खाटेवर होता. त्याच्या छातीत हवा मावत नसे, चार पावलं चालला की भात्यासारखी धाप लागे. म्हणून तिथं काय झालं ते त्यानं पाहिलं नाही. झमकीबाईनं घरी येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाला बारीक चीर हाय, बांधून ठेवा. तिनं जे सांगितलं नाही ते असं की डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाला होता. हात सुजतो आहे, आधी या बांगड्या कापाव्या लागतील. ते ऐकून ती पाणी पिऊन येते म्हणाली आणि सरळ तांड्याची वाट धरली.

या बांगड्यांचं सांगितल्याशिवाय झमकीबाई कळायची नाही. लग्नात तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत चुडे चढवले, आणि कोपराच्या वर दंडात बलिया घातल्या. हाडाच्या, पांढऱ्या, जाड. आजकालच्या सुना साडी नेसतात, हातात काचेच्या चार घालतात, आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण झमकीबाईच्या वयाच्या, अजून घागरा-चोळीची फेटिया-कांचळी नेसणाऱ्या ज्या थोड्या बाया तांड्यात उरल्या आहेत, त्यांच्या दंडातली बलिया म्हणजे घरधनी जिवंत असल्याची खूण. ती एकदाच उतरते. त्या दिवशी तांड्यातल्या बाया जमतात, हात धरतात आणि उतरवतात. झमकीबाईनं हे आपल्या मोठ्या जावेचं पाहिलं होतं. सोनकीबाईचा नवरा ऊसतोडीला गेला असताना फडातच गेला. प्रेत आलं त्या दुपारी सोनकीबाईचे दोन्ही दंड मोकळे झाले, आणि तिची किंकाळी झमकीबाईच्या कानातून कधी गेली नाही. घरी धाप लागलेला नवरा, आणि इथं एक परका माणूस कात्री घेऊन म्हणतो, काढा. कोणती बाई थांबेल?

तर तिनं बांगड्यांसकट हात कामट्या लावून बांधून घेतला. सोडला की कळ यायची, म्हणून पुन्हा बांधायचा. असा तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त दिवस बांधलेला राहिला. मग कोणी म्हणालं मालीश कर. तेल लावून दाबून घेतला. जितका दाबला तितका तो आखडला. वर कोपर जाड झालं, आणि खालचे चुडे खाली, वरच्या बलिया वर, अशा दोन्हीकडून अडकून बसल्या.

या बाईच्या अंगानं आयुष्यभर काय काय केलं ते पाहिलं, तर एका कोपरानं असा दगा द्यावा याचा राग येतो. दसरा-दिवाळी झाली की ती आणि बाबूसिंग ऊसतोडीला पश्चिमेकडे जायचे. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसं मिळून एक हत्यार, असा तिथला हिशेब. तो खाली वाकून ऊस तोडायचा, ती पाचट सोलून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. गुडघे वाकायचे, मान ताठ राहायची, खांदा वर जायचा. पोटात पोरगं असतानाही ती फळी चढली. उन्हाळ्यात तांड्यावर परतली की ओढणीवर कवड्या आणि आरसे टाकायची, आणि त्याच राकट अंगठ्याच्या चिमटीत सुई अशी नाजूक धरायची की लोक बघत राहायचे. पोरगा मोठा झाला, पुण्याकडे बांधकामावर गेला, तिकडेच रमला. उरली दोघं. हात मोडेपर्यंत झमकीबाईला आपल्याला कोपर आहे याची कधी आठवणसुद्धा झाली नव्हती.

डाव्या हातानं जेवणं बाबूसिंगला सहन होईना. त्यानं स्वतःची धाप खिशात घातली आणि तिला घेऊन पुसदला निघाला. बसमध्ये वर चढताना तिनंच त्याला डाव्या हातानं ओढून घेतलं.

व्यायाम करवून घेणारी डॉक्टरीण दीपमाला बोरी अरब गावाकडची, वयानं लहान, बोलायला तोंडाळ. तिनं झमकीबाईचा हात हातात घेतला आणि सगळे सांधे हलवून पाहिले. खांदा गोल फिरवला. मनगट खाली-वर केलं. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायला सांगितला. मग कोपर वाकवलं. ते अर्ध्यावर थांबलं आणि झमकीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबूसिंग सगळं निरखून पाहत होता. तरुणपणी त्यानं तांड्यातली निम्मी दारं बसवली होती, त्याला असल्या गोष्टींचं कुतूहल होतं. "खांदा तं फिरून राह्यला जी," तो म्हणाला. "मंग हेच काहून अडलं?"

"बाबा, सगळे सांधे एकसारखे नसते," दीपमाला म्हणाली. "खांदा म्हणजे उखळात मुसळ. गोल डोकं, खोलगट वाटी, चहूकडं फिरते. कोपराचं तसं नाई. ते दाराची बिजागरी हाय. उघडते आणि मिटते, बस. तिसरा रस्ताच नाई त्याले. गुडघ्याचंही तसंच."

"मंग हात असा उलटा-सुलटा कसा होते?" बाबूसिंगनं स्वतःचा पंजा पालथा-उताणा करून दाखवला.

दीपमाला हसली. "पक्के हाय बाबा तुमी. कोपरापासून खाली दोन हाडं हायेत. एक दुसऱ्याभोवती फिरते, जात्याची वरची तळी खुंट्यावर फिरते तशी. मानही तशीच खुंट्यावर फिरते. आजीचं ते फिरणं बरं हाय. अंगठा तं लयच बरा. अंगठ्याचा सांधा कसा असते सांगू? बैलाच्या पाठीवर गोण बसते ना, तसा. दोन्हीकडं डुलते पण घसरत नाई."

बाबूसिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरलेले. त्याला हे फार आवडलं. तो आपला अंगठा डुलवून पाहत राहिला आणि झमकीबाईला वाटलं, आता हा घरी जाऊन सगळ्या तांड्याला अंगठे डुलवायला लावणार.

"बिजागरीले आम्ही तेल घालतो," तो म्हणाला. "याले काय घालाव?"

"हलवणं, हेच याचं तेल. पण मालीश नाई, आणि जोरही नाई. कोपर मालीश सहन करत नाई, आणखी आखडते." मग ती झमकीबाईकडे वळली. "पण आजी, आधी ह्या बांगड्या काढा लागन. बिजागरीत दोन्हीकडून खडे अडकले हाय, दार मिटन कसं? हात मोडला तवाच काहून नाई कापल्या? डॉक्टरनं सांगतलं नव्हतं काय?"

बाबूसिंगनं अंगठा डुलवणं थांबवलं आणि झमकीबाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, आणि त्याला जे कळायचं होतं ते सगळं तिथंच कळलं.

दीपमालेला ते कळलं नाही. बाहेर रोगी खोळंबले होते, तिचा आवाज चढला. "आजी, एक काहीतरी ठेवा. बांगड्या ठेवा नाईतर हात ठेवा."

झमकीबाई उठली, ओढणी सारखी केली आणि बाहेर चालायला लागली. परतीच्या एसटीत खिडकीतून धूळ आली तेव्हा बाबूसिंगनं काच ओढून घेतली, तिला खोकला येऊ नये म्हणून, आणि मग स्वतःच खोकत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर, त्यानं खाट अंगणात ओढली. लोखंड कापायच्या करवतीचं पान आणलं, एक चिंधी आणली, लाकडाचा तुकडा आणला. झमकीबाई दारातून बघत होती.

"इकडं ये," तो म्हणाला.

"नाई."

"घरात करू काय? चोरी थोडीच करून राह्यलो."

"तुमाले काही झालं तं?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. हे इतके महिने ती कोणाजवळ बोलली नव्हती. बोललं तर खरं होईल असं तिला वाटत होतं.

"होईनच ना. आज ना उद्या होईन. पण मी मरीन तं माह्या छातीनं मरीन व, तुह्या बांगडीनं नाई मरत." तो धाप घ्यायला थांबला. "बलिया माह्या नावानं हाय ना? मंग मीच काढतो. माणूस जिता असताना त्यानं काढली, तं त्यात रडाचं काय हाय?"

झमकीबाई आली. खाटेवर बसली, आणि लग्नात केला होता तसा हात पुढे केला.

तांड्यात अशी गोष्ट लपत नाही. बघता बघता अंगणाच्या कडेला बाया उभ्या राहिल्या. बाबूसिंगनं बांगडीखाली चिंधी सरकवली, लाकूड सरकवलं आणि पान चालवायला लागला, आधी खालच्या चुड्यांवर, मग दंडातल्या बलियांवर. हाडाची पांढरी भुकटी चिंधीवर पडत होती. शिंग जळल्यासारखा वास सुटला. मध्येमध्ये तो थांबायचा, छाती भरून घ्यायचा, पुन्हा सुरू करायचा. कोणी मदतीला पुढे आलं नाही, आणि आलं असतं तर त्यानं हात लावू दिला नसता.

समोरच्या घरातून सोनकीबाई आली. "बाबूसिंग," ती म्हणाली, "जित्या माणसानं बायकोची बलिया कापल्याचं ऐकलं हाय काय कोणी? अर्धी रांडव केली तू तिले."

बाबूसिंगनं वर पाहिलं नाही. झमकीबाईला मात्र ते शब्द आरपार गेले. सोनकीबाई दुष्ट नव्हती. तिच्या वेळी तिला कोणी विचारलं नव्हतं, कोणी चिंधीसुद्धा सरकवली नव्हती. हे झमकीबाईला ठाऊक होतं, आणि तरीही राग आला.

शेवटची बलिया निघाली तेव्हा दंडावर एक पांढरट पट्टा उघडा पडला. लग्नापासून त्या कातडीनं ऊन पाहिलं नव्हतं. बाकी हात उन्हातान्हानं काळवंडलेला, सुरकुतलेला, आणि तेवढी जागा कोवळी. बाबूसिंगनं तिच्यावर अंगठा फिरवला. "हे तं लग्नातलीच हाय अजून," तो म्हणाला, आणि झमकीबाई सगळ्या तांड्यादेखत लाजली. डाव्या हाताला त्यानं हात लावला नाही. तो हात चांगला होता, त्याच्यातल्या बांगड्यांनी कोणाचं अडवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला दीपमालेनं तो मोकळा हात पाहिला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "आजी, त्या दिवशी मी तोडून बोलली. माह्यं चुकलं."

"तू हाडाचं बोलली पोरी," झमकीबाई म्हणाली. "बाकीचं तुले ठाऊक नव्हतं."

दीपमालेनं बाबूसिंगला शिकवलं. तळवा कोपराखाली कसा धरायचा, दुसरा मनगटामागं कसा, आणि अलगद पुढे कसं न्यायचं, ती "पुरे" म्हणेपर्यंत. तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात खाटेवर हा कार्यक्रम चालायचा. तो समोर बसायचा, भाकरीचा तुकडा तिच्या चिमटीत द्यायचा. घास वर यायचा, छाती ओलांडायचा, गळ्यापाशी यायचा. मग झमकीबाई लबाडी करायची आणि हळूच मान खाली आणायची.

"मान नाई, हात," तो ओरडायचा.

"भूक लागली हो."

"लागू दे. मान खुंट्यावरची हाय, तिले काय झालं? बिजागरी चालव."

समोरच्या ओट्यावर सोनकीबाई गहू निवडत बसलेली असायची. ती त्यांच्याकडे बघत नसे, असं दाखवायची. गहू मात्र फार सावकाश निवडून व्हायचे.

पोळा गेला, दिवाळी गेली. घास हनुवटीपर्यंत आला. ओठ आणि घास यांच्यात एका बोटाची फट उरली, आणि ती काही केल्या मिटेना. तिथं बाबूसिंगचा तळवा लागायचा. तो कोपराखाली हात देऊन जरासं रेटायचा, झमकीबाई दात-ओठ खायची, आणि घास तोंडात जायचा. "पुढच्या महिन्यात माह्या हातावाचून जाईन," तो म्हणायचा. तिला ती घाई नव्हती. खरं सांगायचं तर ती एक बोटाची फट तिला आवडायला लागली होती.

थंडीचा कडाका वाढला आणि बाबूसिंगची छाती भरत गेली. एका दुपारी उन्हात बसल्या बसल्या त्यानं मान भिंतीला टेकवली. झमकीबाई चहा घेऊन आली तेव्हा तो गेला होता. छातीनंच गेला, तो म्हणाला होता तसा. पण माणसाचं मन तेवढ्यानं ऐकत नाही. कप खाली ठेवताना तिची पहिली नजर आपल्या मोकळ्या दंडाकडेच गेली. आपण हात वाचवला आणि हे गमावलं काय, हा प्रश्न तिच्या छातीत रुतला, आणि तो कोणी काढू शकेल असं तिला वाटलं नाही. तांड्यात कुजबुज झालीच. तिनं ती ऐकली.

पोरगा पुण्याहून आला. बाबूसिंगला पोचवून लोक परत आले. रिवाजाप्रमाणे बाया जमल्या आणि तिला मधे बसवलं. डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, एकेक. झमकीबाई रडली, पण ओरडली नाही. डावा झाल्यावर सोनकीबाईनं सवयीनं उजवा हात ओढला. तिच्या मुठीत नुसती कातडी आली. पांढरट पट्टा आता बाकीच्या हातासारखा रापला होता. सोनकीबाई तो दंड धरून तशीच बसली, मग तिनं तो झमकीबाईच्या मांडीवर ठेवून दिला. त्या हातावरून कोणाला काही काढायचं उरलं नव्हतं. ज्याचं होतं त्यानंच काढलं होतं, उन्हात, हसत.

घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारून भाकर आणि वरण आलं. मयतानंतरचा पहिला, कडू घास मोठ्या बाईनं भरवायचा असतो. सोनकीबाईनं तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला.

झमकीबाईनं मान हलवली. "माह्या हातानं," ती म्हणाली.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सोनकीबाईनं घास तिच्या चिमटीत दिला. उजवा हात उठला. छाती ओलांडली, गळा ओलांडला, हनुवटीशी आला आणि थांबला. तीच एका बोटाची फट. मान खाली आणली असती तर भागलं असतं, आणि त्या दिवशी तिची मान खाली असती तर कोणी बोललं नसतं. पण तिनं मान ताठ ठेवली. वरणाचा एक थेंब फेटियावर पडला.

सोनकीबाई पुढे सरकली. तिनं एक तळवा झमकीबाईच्या कोपराखाली धरला आणि दुसरा मनगटामागं, अगदी जागच्या जागी. समोरच्या ओट्यावरून तिनं ते रोज पाहिलं होतं. जोर न लावता, अलगद, तिनं हात पुढे रेटला.

घास तोंडात गेला. सोनकीबाईनं हात तसाच धरून ठेवला, झमकीबाई "पुरे" म्हणेपर्यंत.